खुनी ठाऊक असूनही

महोदय,

रहस्यकथेतला खुनी एकदा कळला की पुस्तक पुन्हा उघडण्याचे कारण उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथाकारांच्या कादंबऱ्यांना मात्र तो लागू पडत नाही. चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) एका मोटारचालकाच्या मृत्यूचा धड उलगडाही होत नाही आणि त्याने वाचकाचे काही अडत नाही, कारण त्याचे लक्ष खासगी गुप्तहेर फिलिप मार्लोवर आणि धनिक, पोलीस व गुंड यांचे लागेबांधे उघडे पाडणाऱ्या लॉस एंजेलिसवर असते. हॅमेटने तर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. पाळतीतला कंटाळा आणि अशिलाचा खोटेपणा त्याला ऐकीव माहितीवर रंगवावा लागला नाही.

या कथांतील स्त्रियांकडे पाहण्याची नजर आज खटकते, आणि ती खटकायलाच हवी. तरीही, कायदा विकत घेता येतो हे पुरते ठाऊक असलेला मार्लो रोजचे २५ डॉलर आणि वरखर्च एवढ्यावर काम पत्करतो आणि त्याहून मोठी रक्कम समोर आली की संशयाने पाहतो, हे वाचताना मजा येते.

– एक वाचक, पुणे