मापाचे कप पाठवतेय

पीओरिया, इलिनॉय
9 नोव्हेंबर 2025

ती. आण्णा व आई यांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, पत्र बघून घाबरू नका. ऑफिसातल्या एक बाई लातूरला निघाल्यात, त्यांच्याजवळ पिशवी देतेय, म्हणून सोबत हे चार शब्द. फोनवर आण्णा 'सगळं ठीक' म्हणून फोन आईकडं देतात आणि आई 'जेवलीस का'च्या पुढं जात नाही. निवांत काही सांगणंच होत नाही.

आधी आईचं गाऱ्हाणं. दिवाळीच्या फोटोत ओट्यावर दिसला तो पाव नव्हता. 'पोरगी ब्रेडवर दिवस काढायली' असं मावशीला सांगितलंस म्हणे. भाकरी करते मी. रोज नाही, पण करते. फोटोतला तो काशीफळाचा ब्रेड. नाव ब्रेडचं, जात केकची. सोड्यावर फुगतो, गोड असतो, चहाबरोबर खातात.

इथलं काशीफळाचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण दोन वर्षं झाली तरी मला ते पचलेलं नाही. 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो. त्याच्या महिनाभर आधीपासून लोक गाडीत घालून भोपळे आणतात. वरून देठासकट टोपी कापायची, आतला गर नि बिया चमच्यानं खरवडून काढायच्या, सालीला डोळे, नाक, दात कोरायचे, आत दिवा लावायचा आणि उंबऱ्याबाहेर मांडायचा. पोरं भुतांचे कपडे घालून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात. इथवर ठीक आहे, दृष्ट लागू नये म्हणून आपणही दारात कोहळा टांगतोच की. पण नंतर तो कुणी खात नाही! तिथंच बसून राहतो. खारी कुरतडतात, बुरशी चढते, कवळी काढलेल्या म्हाताऱ्यासारखं तोंड आत बसतं आणि एक दिवस कचऱ्यात जातो. शेजारच्या आजोबांनी सात मांडले होते, सात! भाजी का करत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, याला चवच नसते. खरंय, कोरायचा भोपळा पाणचट आणि धाग्याधाग्याचा असतो. खायचा वेगळा, आणि तो इथले लोक बहुतेक डब्यातूनच आणतात. ते डबे भरण्याचा कारखाना इथून जवळच, मॉर्टन गावात आहे. ते गाव स्वतःला भोपळ्याची जागतिक राजधानी म्हणवतं. डब्यात जाणारी जात डिकिन्सन, बाहेरून भुरकट, थेट आपल्या काशीफळाच्या कुळातली. शेतात तसे पडलेले दिसले तेव्हा मी गाडी थांबवली. पलीकडं काढणीला आलेलं सोयाबीन होतं. औशाच्या रस्त्यावरच उभी आहे असं वाटलं, फक्त बांधावर बाभळ नव्हती.

मी डबा न घेता अख्खं फळ आणलं. आई, तू काय म्हणायलीस ते इथं ऐकू येतंय. पहिली सुरी बाईनं लावू नये, माहीत आहे. पण एका काशीफळासाठी पुरुष शोधत कुठं फिरू? मीच फोडलं. काही झालं नाही.

तर ब्रेड. इथल्या नेहमीच्या कृतीत दोन लाद्यांना एक कप तेल, तीन कप साखर आणि चार अंडी. मी म्हटलं, तेल काढूनच टाकू. सगळं तेल वगळून त्याजागी सफरचंदाचा शिजवलेला गर घातला. रबर झालं. सुरीला चिकटेना ते एक बरं, पण दाताला चिकटत होतं. मग आठवलं, शंकरपाळ्यात मोहन कमी पडलं की तू म्हणतेस, 'दात पाडायला केल्यात का?' तेच कारण. पिठाला तेल माखलेलं असलं की चिवटपणा धरत नाही. तेव्हा आता एका लादीला पाव कप तेल ठेवते, म्हणजे नेहमीच्या निम्मं, आणि अर्धा कप घट्ट दही. कणीक आणि मैदा निम्मे-निम्मे मिळून पावणेदोन कप, काशीफळाचा गर एक कप, गूळ पाऊण कप, एक चमचा खायचा सोडा, दालचिनी, सुंठ, जायफळ, दोन लवंगा कुटून. घोटायचं नाही. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. दह्यानं सोडा लगेच उठतो, म्हणून मिसळलं की थेट भट्टीत, 175 अंशांवर पन्नास मिनिटं. तू कुकरात कर. तळाला मीठ, शिट्टी नि रिंग काढून, मंद आचेवर. काडी कोरडी निघाली की झालं. दोन दिवसांच्या वर बाहेर ठेवू नको.

अंडं त्यात नाही, आण्णा. माळेला बाधा नाही. पण डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, गोड खुलं केलेलं नाही. तेव्हा एक काप. दुसरा मागू नका.

सप्टेंबरात शिवारात पाणी शिरलं होतं आणि आण्णांना लातूरला हलवलं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. धाकट्यावर मी ओरडले, त्याचं मनाला लावून घेऊ नको म्हणावं. आधी सांगितलं असतं तर आले असते. असं म्हणते खरी.

सोयाबीन गेलं ते गेलं. हरभऱ्याच्या बियाण्याला आणि औषधांना म्हणून साठ हजार धाकट्याच्या खात्यावर टाकलेत. ते सोसायटीच्या हप्त्यात घालू नका, तो मी जानेवारीत बघते. नोकरी शाबूत आहे. टीव्हीवर व्हिसाचं जे दाखवतात त्यातलं निम्मं मला लागू नाही. उरलेल्या निम्म्यामुळं येळवसला येणं जमत नाही, कारण एकदा आले की शिक्का मिळेपर्यंत तिकडंच अडकेन. मे महिन्यात नक्की. मागच्या वर्षीही नक्की म्हटलं होतं, आठवतंय मला.

उदगीरच्या स्थळाचा फोटो बघितला. नाही म्हटलेलं नाही. त्यांना एकदा रविवारी बोलायला सांगा. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे आता माझे सकाळचे साडेआठ, घड्याळं मागं गेलीत. पण माझ्यापायी धाकट्याचं थांबवू नका, मुलगी चांगली आहे.

पिशवीत मापाचे चार कप आहेत. सगळ्यात लहान तो पाव कपाचा. आई, तेल त्यानंच मोजायचं, वरून धार सोडायची नाही.

तुमची
थोरली