लसीकरणाच्या दिवशी थांबलेल्यांचे आभार

शुक्रवारी पावसात रस्त्यावर झाड पडले आणि आरोग्य केंद्राचे पथक शाळेत तासभर उशिरा पोहोचले. शाळा सुटते साडेबाराला. लस टोचल्यावर मुलाला अर्धा तास नजरेखाली बसवावेच लागते, क्वचित येणारी तीव्र प्रतिक्रिया बहुधा त्याच वेळात दिसते. सुटण्याची नवी वेळ पालकांना कळवायची राहून गेली, ही आमचीच चूक.

बालरथाचे, म्हणजे शाळेच्या बसचे, चालक सव्वा वाजेपर्यंत थांबले. फाट्यावर वाट पाहणाऱ्या प्रत्येक आईला त्यांनी स्वतः फोन केला.

आणि त्या नर्सबाई! पहिलीच्या मुलांना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची लस) दुसरा बूस्टर, पाचवीवाल्यांना टीडी (धनुर्वात, घटसर्प यांवरची). या लसी गोठल्या की वाया जातात, म्हणून बर्फ थोडा वितळून पिशव्यांत पाणी हलते का, हे त्यांनी कानाशी धरून तपासले होते. पेज न खाता आलेली एक चिमुरडी थरथरत होती. बाईंनी तिला आपल्या डब्यातले केळे दिले, बाकावर आडवी केली, दुसरीकडे बघायला लावून टोचले. दंड चोळू नको, ताप आला तर आईला सांग, असे तिच्याच उंचीला वाकून समजावले.

बाई, चालकदादा, मनापासून देव बरें करूं!

— पालक-शिक्षक संघ