राज्यशास्त्र घेणाऱ्या मुलांना अकरावीआधीचे महिने द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी मुंबईतल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं मराठी माध्यमातून आलेली, लालबाग-परळ-शिवडीपासून थेट मानखुर्दपर्यंतची. या पत्रात एकच मागणी आहे, ती आधीच सांगते. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या आटोपून अकरावीचे तास नीट सुरू व्हायला कधी कधी ऑगस्ट उजाडतो. मधल्या या महिन्यांत राज्यशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या मुलांची पूर्वतयारी करून घेण्याची सोय शासनाने करावी. आणि त्या तयारीत आणखी एक पुस्तक न वाढवता, राज्यकारभाराचे मूळ कागद मुलांच्या हाती द्यावेत.

ही तयारी लागते कशाला, हे शाळेच्या बाजूने बघितलं की कळतं. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते आणि त्यात मोठा वाटा इतिहासाचा. त्यामुळे राज्यशास्त्राचे धडे बऱ्याच शाळांत शेवटी, सराव परीक्षा तोंडावर आली की उरकले जातात. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी हे सगळे दहावीच्या पुस्तकात आहेत आणि धडे चांगले आहेत. पण महापालिका, पंचायत, जिल्हा प्रशासन हे मूल शिकतं सहावीत, अकराव्या-बाराव्या वर्षी. अकरावीत पुस्तक उघडलं की पहिल्याच पानांवर ‘राज्य’, मग ‘स्वातंत्र्य आणि हक्क’, मग ‘समता आणि न्याय’. मुलं या संकल्पनांना घाबरत नाहीत. अडचण अशी की त्या कुठे चिकटवायच्या, हे त्यांना कळत नाही. म्हणून ती व्याख्या पाठ करतात आणि पुढची दोन वर्षं पाठच करत राहतात.

मूळ कागद म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. मी वर्गात आपल्याच विभागाचा एखादा शासन निर्णय छापून नेते. शाळेच्या सुट्ट्यांचा, शिष्यवृत्तीचा, कोणताही चालतो. मुलं सवयीने वरून वाचायला लागतात: विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक, मग ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना. मी त्यांना सांगते, शेवटून वाचा. शेवटी लिहिलेलं असतं, ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, आणि खाली सही असते उपसचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्यांची. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, ‘मॅडम, हे राज्यपालांनी लिहिलंय का?’ मग संविधानाचा अनुच्छेद १६६ काढायचा. राज्य शासनाची सगळी कार्यकारी कामं राज्यपालांच्या नावाने चालतात, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. मग अनुच्छेद १६३, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा. त्या एका ओळीवरून नामधारी प्रमुख आणि खरी कार्यकारी सत्ता हा फरक मुलांना असा समजतो की पुन्हा सांगावा लागत नाही. शिवाय विधिमंडळाने केलेला कायदा, राज्यपालांनी काढलेला अध्यादेश, विभागाचा शासन निर्णय आणि कार्यालयाचं परिपत्रक या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच तासाला उलगडतं. सोळा वर्षांच्या मुलाला हा फरक कळला की वर्तमानपत्राचं पहिलं पान त्याच्यासाठी बदलतं.

संविधानाचंही तसंच. बालभारतीच्या पुस्तकांत उद्देशिका छापलेली असते, मुलांना ती तोंडपाठ असते, परिपाठात ती रोज म्हटलेली असते. पण अनुच्छेद नावाची गोष्ट मूळ शब्दांत वाचलेलं मूल मला क्वचित भेटतं. अनुच्छेद १९ घ्या. पहिल्या खंडात स्वातंत्र्यं दिली आहेत आणि लगेच पुढच्या खंडांमध्ये त्यांवरची वाजवी बंधनं कोणत्या कारणांसाठी घालता येतील, ते एकेक करून सांगितलं आहे. मुलांनी हे स्वतः वाचलं की ‘स्वातंत्र्य अमर्याद नसते’ या पाठ केलेल्या वाक्याला आकार येतो. सरकारला कारण द्यावं लागतं आणि ते कारण त्या यादीत बसावं लागतं, हे त्यांच्या लक्षात येतं. लक्ष देऊन वाचणारी एखादी मुलगी विचारते की मधला एक उपखंड गाळलेला का आहे. तो मालमत्तेच्या हक्काचा होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि मालमत्तेचा हक्क अनुच्छेद ३०० अ मध्ये गेला. आता तो मूलभूत हक्क राहिलेला नाही. गाळलेल्या एका ओळीतून आणीबाणीनंतरचा काळ, जमीन सुधारणा आणि न्यायालय-संसद संघर्ष, सगळं वर्गात येतं.

आता मुंबईचं बोलते, कारण या शहरातल्या मुलांवर एका गोष्टीने फार परिणाम केला आहे. महापालिकेची फेब्रुवारी २०१७ ची निवडणूक झाली, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर प्रशासक आले. प्रभाग रचना, इतर मागास वर्गाचं आरक्षण, न्यायालयातल्या तारखा यांत मतदान होईपर्यंत १५ जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. या काळात माझ्याकडून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं लोकनियुक्त सभागृह न बघता काढली. पुस्तकात लोकप्रतिनिधित्व शिकवायचं आणि खिडकीबाहेर प्रतिनिधीच नाही, अशी आमची अवस्था होती. शिवडीच्या एका मुलीने विचारलं होतं, ‘आमच्या चाळीत सकाळी पाणी येत नाही, तर विचारायचं कोणाला?’ विभाग कार्यालयात जा, असं उत्तर देता येतं आणि ते बरोबरही आहे. पण ज्याला आपण पुढच्या वेळी पाडू शकतो, अशा माणसाला विचारणं आणि ज्याची फक्त बदली होते, अशा अधिकाऱ्याला विचारणं यांत जे अंतर आहे, तेच तर राज्यशास्त्र आहे. नगरपालिका असो की महापालिका, तिची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, हे ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलं. ती १ जून १९९३ पासून अमलात आहे. ती तरतूद आणि ही चार वर्षं शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचार करायला लावणं, यापेक्षा चांगला पहिला धडा मला सुचत नाही.

आणि इथेच आम्हा शिक्षकांची खरी अडचण सुरू होते. असा धडा घेताना हात आखडतो. वर्गातली अर्धी चर्चा कोणीतरी मोबाईलवर टिपतं, ती बाहेर जाते, मग एखाद्या पालकाचा किंवा पक्षाच्या कार्यकर्त्याचा फोन येतो: मॅडम, तुम्ही वर्गात राजकारण का आणता? माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने अशा फोननंतर बातम्यांवर बोलणं पूर्ण बंद केलं. विषयाचं नावच राज्यशास्त्र, त्यात राजकारण येणारच. एका पक्षाचा प्रचार करणं निराळं आणि एकाच निर्णयाच्या दोन्ही बाजू पुराव्यासह मांडायला शिकवणं निराळं. पहिल्याला मनाई हवीच, मी स्वतः त्या बाजूची आहे. दुसऱ्याला मात्र आपल्या विभागाचं लेखी पाठबळ हवं. दोन परिच्छेदांचं परिपत्रक पुरेल: मूळ दस्तऐवजांच्या आधारे सार्वजनिक प्रश्नांवर वर्गात चर्चा घेणं हा विषयाच्या अध्यापनाचा भाग आहे. एवढं लिहून मिळालं तर मुख्याध्यापकही आमच्या मागे उभे राहतील.

बारावीच्या प्रश्नपत्रिकेत मुलांचं मत विचारणारे प्रश्न असतात. ज्यांनी ते आणले, त्यांचे आभार मानायला हवेत. पण गाईडांमध्ये या प्रश्नांचीही तयार उत्तरं मिळतात आणि मुलं स्वतःचं मत म्हणून तीच पाठ करून लिहितात. पेपर तपासताना एकाच मताचे तेच तीन मुद्दे, त्याच क्रमाने, गठ्ठ्यातल्या एकामागून एक उत्तरपत्रिकेत येतात, तेव्हा जीव तुटतो. ही मुलं हुशार आहेत. नाक्यावर, लोकलमध्ये, घरी मामाशी ती हिरिरीने वाद घालतात. वर्गात मत मांडायची त्यांना सवयच लावलेली नाही, आणि ती सवय बारावीच्या फेब्रुवारीत लागत नाही. ती आधी लागावी लागते.

म्हणून ते रिकामे महिने मागते आहे. एप्रिलमध्ये आम्ही पेपर तपासणीत अडकलेले असतो आणि मे महिना सुट्टीचा, त्यामुळे जूनच्या मध्यापासून चार आठवडे सोयीचे पडतील. मोठा अडथळा एकच आहे: त्या वेळी मुलाला कॉलेजच मिळालेलं नसतं, तो फेऱ्यांची वाट बघत असतो. तेव्हा हा वर्ग प्रवेशाशी जोडू नका. घराजवळच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात दहावीचं गुणपत्रक दाखवून बसता यावं. हजेरीची सक्ती नको, गुण नकोत, परीक्षा तर मुळीच नको. बालभारतीने मराठीत एक कागदसंच तयार करावा आणि ई-बालभारतीवर मोफत ठेवावा. त्यात एक शासन निर्णय, संविधानातले दहा-बारा अनुच्छेद, विधानसभेतला एखादा तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) प्रश्न आणि त्यावर मंत्र्यांनी दिलेलं उत्तर, महापालिकेच्या अर्थसंकल्पाचं एक पान आणि एकाच विषयावरचे दोन विरुद्ध बाजूंचे अग्रलेख असावेत. मंत्र्यांच्या उत्तराचा कागद मुलं फार रस घेऊन वाचतात. विचारलेलं काय आणि दिलेलं उत्तर काय, हे ताडून बघायला त्यांना मजा येते, आणि सत्तेला उत्तरदायी धरणं म्हणजे काय, ते त्यांना तिथे दिसतं.

मुंबईच्या मुलांसाठी आणखी एक करता येईल. पावसाळी अधिवेशन बहुधा याच सुमारास मुंबईत भरतं. विधान भवनाच्या प्रेक्षक गॅलरीतल्या थोड्या जागा या मुलांसाठी राखून ठेवाव्यात, अशी विनंती आपण अध्यक्षांना आणि सभापतींना करावी. महापालिकेचं सभागृह तर आता पुन्हा भरलं आहे, सीएसएमटीला उतरून समोर चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या मुलीने पाणी कोणाला विचारायचं म्हणून विचारलं, तिच्यासारख्या मुलींना तिथे बसून पाण्यावरची चर्चा ऐकू द्या.

ही मुलं बारावी होता होता अठरा वर्षांची होतात. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा आगाऊ अर्ज करण्याची मुभा निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये दिली आहे, म्हणजे माझ्या वर्गात बसलेली अर्धी मुलं उद्याची मतदार आहेत. राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ नंतर पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. अकरावीचं नवं पुस्तक लिहिणाऱ्या समितीसमोरही हे मांडायची माझी तयारी आहे. पण समिती, मसुदा, हरकती, छपाई होईपर्यंत आणखी दोन-तीन तुकड्या बाहेर पडतील. परिपत्रक आणि कागदसंच त्याआधी निघू शकतात. येत्या दहावीच्या परीक्षा संपण्यापूर्वी ते निघाले, तर जूनमध्ये मी आणि माझ्यासारखे कितीतरी शिक्षक वर्ग उघडून बसायला तयार आहोत. मानधनाची अट नाही.

आपली नम्र,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका
परळ, मुंबई