मंगळवारची हजेरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातील शाळांमध्ये काही आठवडे विनामोबदला शिकवण्याच्या संधींविषयीचा लेख वाचला. त्यात किनाऱ्यावरच्या सुट्टीचे वर्णन चांगलेच रंगले आहे. शाळा मात्र जेमतेम दोन वाक्यांत आटोपली आहे. मालवण तालुक्यातील एका शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि २०१८ साली मे ते जुलै असे एक सत्र पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, एल्मिना या बंदराजवळच्या मच्छीमार वस्तीतील शाळेत शिकवायला गेले. किनाऱ्यावरची अशीच एक सुट्टी तेव्हा माझ्याही वाट्याला आली. ती सगळी पावसात गेली. पण आधीच्या सात आठवड्यांत वर्गात उभे राहून जे मला कळले नव्हते ते त्या दोन दिवसांत कळले, म्हणून हे पत्र.

घानाच्या दक्षिण किनाऱ्यावर जून हा ऐन पावसाचा महिना. वेगवेगळ्या शाळांत शिकवणारे आम्ही सहा जण जूनच्या अखेरीस एका शनिवारी तिथल्या छोट्या अतिथिगृहात जमलो, तेव्हा समुद्र गढूळ आणि खवळलेला होता आणि लाटा परतताना पायाखालची वाळू ओढून नेत होत्या. पाण्यात कोणीही उतरायचे नाही, असे तिथल्या व्यवस्थापकाने आल्या आल्याच बजावले. मला कोकणातलीला त्यात नवल नव्हते. पण बाकीच्यांची तोंडे उतरली. नेदरलँड्सहून आलेली एक तरुणी एल्मिनाचा किल्ला पाहायचा म्हणून मुद्दाम आली होती. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधलेला हा किल्ला १६३७ ते १८७२ अशी २३५ वर्षे तिच्याच देशाच्या ताब्यात होता आणि गुलाम म्हणून विकलेली माणसे तिथूनच जहाजांवर चढवली जात. पावसाच्या पडद्याआड त्या पांढऱ्या भिंती दिसत, नाहीशा होत, आणि ती दिवसभर व्हरांड्यात बसून तिकडे बघत राहिली.

जेवायला केंके आणि तळलेले मासे होते. केंके म्हणजे मक्याचे आंबवलेले पीठ केळीच्या जातीच्या पानात बांधून उकडलेला गोळा. पान सोडले की आंबोळीच्या पिठासारखा आंबूस वास येतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, इतरांनी माशांवरच भागवले.

बाहेर जाता येत नसल्यामुळे बोलणे शाळांवर आले आणि तक्रारींना उधाण आले. पत्र्याच्या छपरावर सर कोसळू लागली की शिक्षकाचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही आणि फळ्यावर उदाहरणे लिहून देण्यापलीकडे काही करता येत नाही, यावर सगळ्यांचे एकमत होते. पुढे मुलांच्या गैरहजेरीचा विषय निघाला. वयाने आणि अनुभवाने मोठी म्हणून मी ठामपणे सांगितले की माझ्या वर्गातल्या ४८ मुलांपैकी सोमवारी आणि गुरुवारी तीससुद्धा येत नाहीत, कारण पालकांना शाळेची किंमत नाही. मंगळवारी मात्र वर्ग भरलेला असे. मंगळवारी माझा भूमितीचा तास होता आणि त्या हजेरीचे श्रेय मी मनोमन त्या तासाला देऊन टाकले होते.

रविवारी सकाळी पाऊस थोडा कमी झाला, तशी किनाऱ्यावरून गाण्याचा आवाज आला. जाऊन पाहते तो रापण, किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे! एका टोकाला वीस-पंचवीस, दुसऱ्या टोकाला तितकीच माणसे दोर धरून मागे मागे सरकत होती, गाण्याच्या ठेक्यावर एकदम ओढत होती आणि ओढून आलेल्या दोराची वेटोळी घालायचे काम लहान मुलांकडे होते. मालवणला आयुष्यभर पाहिलेले दृश्य, फक्त गाणे फांटी भाषेतले. वेटोळी घालणाऱ्यांत माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. सोमवारच्या गैरहजरांतला. त्याने मला पाहिले, ओशाळून हसला, पण हातातला दोर सोडला नाही. मी छत्री मिटून ठेवली आणि दोराला हात लावला.

जाळे काठाला लागायला तास-दीड तास गेला. तारलीच्या जातीचे मासे निघाले, ते फार नव्हते, आणि त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा ढीग निघाला. वाटे पडले तेव्हा त्या मुलाला ॲल्युमिनियमच्या पातेल्यातून दोन ओंजळी मासे मिळाले. परत येताना व्यवस्थापकाने सहज सांगितले की इथे मंगळवारी कोणी समुद्रावर जात नाही. तो दर्यादेव बोसोम्पोचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी जाळी दुरुस्त करायची. मंगळवारच्या हजेरीचे कोडे असे सुटले. भूमितीचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मालवणला नारळी पौर्णिमेनंतर रापणी सुरू झाल्या की मागचे बाक रिकामे होत आणि ते का, हे मला कधी कोणी सांगावे लागले नव्हते. तेच घानात दिसल्यावर मात्र मी पालकांना बोल लावून मोकळी झाले. सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलले. ते शांतपणे म्हणाले की वस्तीत हे सर्वांना ठाऊक आहे, तुम्ही विचारले नाही. आणि बहुतेक पाहुणे शिक्षक तीन आठवड्यांत परत जातात, त्यामुळे ते विचारायच्या आधीच गेलेले असतात. उरलेले चार आठवडे मी नवा भाग फक्त मंगळवारी शिकवला आणि इतर दिवस उजळणीला ठेवले.

आपल्या लेखात व्हिसा आहे, पीतज्वराची लस आहे, कॅमेराही आहे. जिथे जायचे तिथल्या शाळेचे सत्र केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, आपण परतल्यावर तो वर्ग कोणाकडे जाणार आणि भरलेल्या शुल्कातले शाळेपर्यंत किती पोचते, हे तीन प्रश्न मात्र नाहीत. ज्या संस्थेमार्फत मी गेले तिने माझ्याकडून भरपूर शुल्क घेतले होते, आणि शाळेला त्यातून खडूचे खोके तेवढे मिळाले होते. हे मी आधी विचारायला हवे होते. माझ्या मते पूर्ण सत्र देता येत नसेल तर शिकवायला जाऊ नये, पर्यटक म्हणून खुशाल जावे. त्यातही गावाला चार पैसे मिळतातच. पुरवणीत पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा या प्रश्नांना जागा द्यावी, ही विनंती.

जूनमध्ये जाणाऱ्यांनी छत्रीऐवजी रेनकोट न्यावा, हेही छापावे. रापणीच्या दोराला दोन्ही हात लागतात.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सिंधुदुर्ग