चाव्या बदलू नकोस

लातूर, १७ मे

प्रिय पेटीवाल्या,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी चहा पिता पिता वाचला. 'या गिटारनं जीव खाल्ला, सूर टिकंना, तारा आवळायच्या चाव्या बदलायलोय, सहा हजाराचा, तार पकडून ठेवणारा लॉकिंग सेट सांगितलाय.' फोन केला तर उचलला नाहीस. उचलला असतास तरी मला बोलू दिलं नसतंस, म्हणून पत्रच लिहितो. आधी ती ऑर्डर रद्द कर, मग पुढं वाच.

तू चाव्यांवर कामून घसरलास ते मला बरोबर कळतंय. आपण ज्या देवळात वाढलो तिथं सुराची सगळी भानगड खुंटीपाशीच असायची. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकायची नाही. पहाऱ्याचा विणेकरी बदलला की ती उतरलेलीच असायची, आणि मग कुणीतरी म्हातारं खुंटी ओढून तिला खडू चोळायचं. लाकडाच्या भोकात लाकडाची खुंटी, ताण आला की मागं फिरणारच. गिटारची चावी तसली नाही. तिच्या पोटात आटे पाडलेला एक दांडा आणि त्याला भिडलेलं दातेरी चाक असतं. चावी चौदा-पंधरा वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारी खुंटी एकदा फिरते. दांडा चाकाला फिरवतो, चाकाला दांडा फिरवता येत नाही. म्हणजे तार कितीही ओढू दे, चावी आपोआप उलटी फिरत नाही. दाते झिजून पार ढिले झाले असतील तर गोष्ट वेगळी, पण तुझी गिटार तेवढी म्हातारी नाही.

मग सूर जातो कुठं? एक करून बघ. बारक्या तारेपासून तिसरी, 'जी' सुराची तार ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) हिरवी कर, म्हणजे बरोबर जुळव. दोन-तीनदा चांगले जोरकस बेंड घे, म्हणजे दाबलेली तार बोटानं बाजूला ओढ, आणि सोड. बहुतेक उतरलेली दिसेल. आता चावीला हात न लावता नटच्या (डोक्यापाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) पलीकडं, चाव्यांच्या बाजूला, त्याच तारेवर बोटानं दाब आणि सोड. सूर परत वर आला ना? मग चोर नट आहे. बेंड घेताना तार त्या खाचेतून ब्रिजकडं, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिथं अडकवतात तिकडं, सरकते, सोडल्यावर परत यायला पाहिजे, पण खाच अरुंद असली की तिथंच अडकून बसते. जुळवताना चावी फिरवतोस, काहीच होत नाही, काहीच होत नाही, मग 'टिंग' असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो, हे झालंय का कधी? तो 'टिंग' म्हणजे अडकलेली तार सुटल्याचा आवाज. तिसऱ्या तारेचं हे दुखणं जास्त, कारण नुसत्या पोलादाच्या, वेढे नसलेल्या तीन तारांत तीच सगळ्यात जाड, आणि डोक्याकडं जाताना बऱ्याच गिटारींवर वाकडी होऊन जाते.

औषध पुतण्याच्या दप्तरात आहे. टूबीची पेन्सिल घे, तार खाचेतून बाजूला काढ, खाचेत पेन्सिल चांगली घोळव, काळी भुकटी बसू दे, तार परत ठेव. हेच ब्रिजवर तार जिथं टेकते तिथंही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा हसलो होतो, कारण त्याआधी मीही चाव्यांचा एक सेट बदलून मोकळा झालो होतो. तेव्हाचे पैसे आठवले की अजून पोटात दुखतं.

नव्या तारा टाकल्यास का? तर पहिल्या दिवशी त्या उतरणारच, त्यात गिटारची चूक नाही. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, ते एकाखाली एक नीट बसव. सातआठ वेढ्यांचा गोळा केलास तर तो आवळत राहतो आणि सूर सांडत राहतो. जुळवून झालं की तार मधोमध धरून हलकेच वर ओढ, परत जुळव, परत ओढ. तीन-चार खेपांत ती दमते. आणि सूर नेहमी खालून वर आण. चढला असेल तर आधी मुद्दाम खाली उतर, मग वर ये.

आता तुझ्या त्या हलणाऱ्या ब्रिजचं. १९५४ साली लिओ फेंडरच्या कंपनीनं स्ट्रॅटोकॅस्टर काढली, तिच्या पाठीत स्प्रिंगा घातल्या, आणि तिथपासून आपल्यासारख्यांची झोप उडाली. तराजू समज. एका बाजूला सहा तारांची ओढ, नऊच्या पातळ सेटची (सगळ्यात बारकी तार इंचाचे नऊ हजारांश जाड) सगळी मिळून सुमारे चाळीस किलो, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा. तू एक तार चढवलीस की ब्रिज पुढं झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. म्हणून सहाही तारांचा फेरा चार वेळा घालावा लागतो, आणि तू दुसऱ्या फेऱ्यात वैतागून गिटार गादीवर टाकतोस, हे मला माहीत आहे.

मी हे शिकलो ते गणपतीत, भर मांडवात. अंगात नवा शर्ट, समोर अख्खी गल्ली, आणि दुसऱ्याच गाण्यात सगळ्यात बारकी तार तुटली. म्हटलं तुटू दे, पाच आहेत. पुढचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवला आणि कीबोर्डवाल्यानं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं की मी त्याचे पैसे बुडवलेत. एक तार गेली, तशी ओढ कमी झाली, स्प्रिंगांनी ब्रिज मागं खेचला, उरलेल्या पाचही चढल्या. गाणं संपेपर्यंत मी नुसता वाजवल्याचा आव आणला. दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं, तीनच्या पाच स्प्रिंगा केल्या आणि स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळून ब्रिज लाकडाला घट्ट टेकवून टाकला. ब्रिज हलवायची दांडी आता वर ओढता येत नाही, खाली दाबता येते. तुलाही तेवढंच पुरे. दांडी गरगर फिरवणारी गाणी आपल्या मांडवात मागतं कोण?

आणि तो कूलर! मागच्या रविवारी तुझ्या माडीवर आलो तेव्हा बोलायचं राहून गेलं. वर पत्रे, बाहेर परभणीचा मे, आणि गिटार कुठं, तर कूलरच्या तोंडाशी स्टँडवर. दुपारी ओली हवा, पाणी संपलं की कोरडी भट्टी, पहाटे परत गार. पोलादाची तार तापली की फुगते आणि सूर उतरतो, गार झाली की चढतो. तार बारीक, तिला मिनिटं लागतात. नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं लाकूड हळू, पण ओल प्यायलं की तेही वाकतं आणि तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) वर जातात. शिवाय कूलरच्या दमटपणात तारा गंजतात. तुझ्या तिसऱ्या तारेवर बोट फिरवलं तर खरखर लागली मला. गंजलेली तार कुठं जाड कुठं बारीक होते, तिला कुठलाच ट्यूनर सरळ करू शकत नाही. गिटार पिशवीत घालून आतल्या खोलीत ठेव, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पूस. नेकचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला मात्र हात लावू नकोस, ते मी आल्यावर बघू.

एवढं सगळं करूनही तुला कॉर्ड बेसूर वाटणार, आणि ते तुझ्याच कानामुळं. तू ई मेजर वाजवलास की त्यातला गंधार तुला चढा लागतो. लागणारच. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा फ्रेटवरचा गंधार १४ सेंटनं चढा असतो, म्हणजे एका अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. तुझ्या पेटीतही तो तसाच आहे, तू लहानपणापासून ऐकून पचवलास एवढंच. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं त्यामागं हीच तक्रार होती, शिवाय तिच्यावर मींड येत नाही ही. आता ई मेजरमधला हा गंधार तिसऱ्या तारेवर येतो, तो गोड करायला तू ती तार जरा उतरवतोस, ई मेजर छान लागतो, आणि जी मेजर वाजवलास की मोकळी जी पडलेली. मग ती चढवतोस. रात्रभर हाच खेळ चालतो तुझा, आणि शिव्या खातात चाव्या. शिवाय तू दाबतोस फार. पेटीची सवय नाही रे ही, ही भीती आहे. तार फ्रेटला टेकली की झालं. त्यापुढं दाबशील तितकी ती ताणून चढते.

शेवटचं, आणि यात तूच गुन्हेगार आहेस. आपण एकत्र बसलो त्या रात्री माझा ट्यूनर सहाही तारांवर हिरवा होता, तरी तुझ्या पेटीशी जमेना. तुझी पांढरी सहा, म्हणजे गिटारचा 'ए' सूर, ट्यूनर धरतो त्या ४४० हर्ट्झवर नाहीच, चांगली वर आहे. पेटी जाग्यावर उतरवता येत नाही, म्हणून मीच ट्यूनरचं मोजमाप ४४४ वर नेलं आणि लागलं बघ. तूही तसंच कर. पेटीची पांढरी तीन दाबून ठेव, जाडी तार तिच्याशी मिळव, मग पुढच्या तारा ओळीनं पांढरी सहा, दोन, पाच, सात आणि परत तीनशी. ट्यूनर खिशात ठेवलास तरी चालेल.

रविवारच्या सकाळच्या गाडीनं येतो. नटच्या खाचांसाठी सुईसारखी बारीक कानस आणि नऊचा नवा सेट घेऊन येतो, सेटचे पैसे तुझे. आईंना सांग, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, बाकी काही करू नका.

तुझाच,
तारवाला

ता. क. पेन्सिल घेताना पुतण्याला विचारून घे. मागच्या खेपेला त्याची कंपासपेटी गायब झाली तेव्हा माझं नाव निघालं होतं.