फोक क्लबात पहिल्यांदा गायला जाताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ब्रॅडफर्डला बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. भजनाची बैठक सुटली म्हणून हळहळतोयस ना, मग तिथल्या फोक क्लबात जा, म्हणजे पबच्या एखाद्या खोलीत जमून हौसेने लोकगीतं गाणाऱ्यांच्या मंडळात. तुझ्याच गावातला टॉपिक फोक क्लब १९५६ सालचा, इंग्लंडातल्या जुन्यात जुन्या क्लबांपैकी एक. क्लबांच्या जागा बदलत राहतात, पब बंद पडतात, म्हणून निघण्याआधी ठिकाणाची खात्री करून घे.

आधी नावांचा घोळ निस्तरतो. ‘सेशन’ म्हणजे टेबलाभोवती बसून वाद्यांवर धुना वाजवणं. ‘सिंगअराउंड’मध्ये गोलात बसलेल्या प्रत्येकाची पाळी येते, गायचं नसेल तर नुसतं ‘पास’ म्हणायचं, कोणी आग्रह करत नाही. ‘गेस्ट नाइट’ला मानधन घेणारा पाहुणा साधारण पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठका करतो आणि त्याच्याआधी क्लबातले दोन-तीन हौशी एक-दोन गाणी म्हणतात. त्यांना ‘फ्लोअर सिंगर’ म्हणतात. तू सुरुवात सिंगअराउंडपासून कर.

पुढे फ्लोअर सिंगर म्हणून गायचं झालं की, आठची वेळ असेल तर पावणेआठला पोच आणि दाराशी टेबल टाकून बसलेल्या माणसाला ‘गायचंय’ असं सांग. तो नाव टिपून घेतो. दोन गाण्यांना दहा मिनिटं मिळतात आणि त्यातच तुझं बोलणं, सूर लावणंही आलं. प्रस्तावना लांबवणारे तिथेही आहेत, आपल्याकडच्या निवेदकांसारखेच!

मराठीत गायचा संकोच करू नकोस. युअन मॅकॉल आणि पेगी सीगर या लोकगीतं गाणाऱ्या जोडप्याच्या लंडनच्या सिंगर्स क्लबात तर गाणाऱ्याने आपल्याच भाषेतली गाणी म्हणावीत असा दंडक होता. तो सगळीकडे पाळला गेला नाही, पण आपल्या घरचं गाणं आणणाऱ्याबद्दलचं कौतुक उरलं आहे. शिवाय अभंग तिथे बसतोही चांगला, कारण ध्रुपद. त्या मंडळींना कोरस हवा असतो. खोलीत तीस-चाळीस माणसं असतात, बहुधा माइक नसतो, आणि ओळ हाती लागली की सगळे उचलून धरतात. म्हणून ध्रुपद चार-पाच शब्दांचं निवड. गाण्याआधी दोनदा सावकाश म्हणून दाखव, अर्थ दोन वाक्यांत सांग.

फसतं ते इथे. पहिली चूक पट्टीची. घाबरलेला माणूस वर चढूनच सुरुवात करतो, मग कोरसला कोणाचा आवाज पोचत नाही. घरी काळी दोनमध्ये गात असलास तर तिथे त्याखालची पांढरी एक घे. सूर बाहेरच फोनच्या तानपुऱ्यावरून घेऊन ठेव. दुसरी चूक लयीची. आपण भजन हळूहळू चढवत नेतो. शब्द अनोळखी असले की खोली मागे पडते आणि तू एकटाच पुढे जातोस. लय शेवटपर्यंत एकच ठेव, आलाप-ताना आवर. आणि ध्रुपदाला ते आपल्या मनाने वरचे-खालचे सूर जोडतील. त्याला बिचकू नकोस, ते चुकत नसतात. तू आपला स्वर सोडू नकोस म्हणजे झालं.

कागद खिशात असू दे, पण हातात नको. मान खाली गेली की आवाजही खाली जातो. गिटार घेऊन गेलास तर पंधरा मिनिटं आधी पिशवीतून काढून ठेव. थंडीतून उबेत आल्यावर तारा सैलावतात आणि सूर उतरतो. सेशनमध्ये ढोलकी नेण्याचा मोह होईल. जिग ही तिथली नाचाची धून, तिची लय तीन-तीनच्या दोन गटांची, दादऱ्याच्या अंगाने जाणारी, त्यामुळे हात शिवशिवतील. तरी आधी विचार. तालवाद्य एका वेळी एकच बरं, कारण दोन झाली की फिडल, म्हणजे व्हायोलिन, ऐकू येत नाही.

काही रीती मात्र पाळच. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, टाळ्या होईपर्यंत बाहेर थांबायचं. काउंटरवरून काही तरी घ्यायचं, दारू नको तर लेमनेड. पबवाला बहुतेक वेळा खोली देतो ती त्या विक्रीच्या भरवशावर. मध्यंतरात रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकतात. बक्षीस वाइनची बाटली नाही तर चॉकलेटचा डबा, पण पाहुण्याच्या मानधनाला त्या पैशांचा हातभार लागतो. आणि आपलं गाणं झाल्यावर लगेच उठून जायचं नाही. बेसूर गाणाऱ्याला ते सहज माफ करतात, पण असं निघून जाणाऱ्याला नाही.

नोव्हेंबरमध्ये जमलं तर शेफील्डकडे जा. तिथल्या आसपासच्या खेड्यांतल्या पबांत नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत स्थानिक कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात. दाटीवाटीने उभं राहून, ग्लास हातात धरून. लवकर गेलास तरच आत शिरायला मिळेल.

कोणता अभंग निवडतोयस ते कळव. ध्रुपद लांब असलं तर दुसरा शोधू.

तुझा,
जुना टाळकरी