विश्वाची चतुःसीमा कोणी लिहिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत गेल्या रविवारी विश्वाविषयी एक चौकट आली होती. त्यात म्हटले होते, की अवकाश सपाट असल्याचे मोजणीतून सिद्ध झाले आहे, म्हणून विश्व अनंत आहे. शेजारीच असेही होते, की विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असल्याने आपल्याला १३८० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचे दिसते. दुसरे विधान सरळ चूक आहे. पहिल्याचे काय झाले ते जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण ते 'म्हणून' या शब्दापाशी घसरले आहे.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. उभा जन्म नाशिक जिल्ह्यात भूकरमापक म्हणून काढला. पण 'मोजणीतून सिद्ध झाले' असे कुणी म्हटले की माझे कान आपोआप टवकारतात. हे वाक्य मी बांधावर फार वेळा ऐकले आहे आणि त्यानंतर काय होते तेही पाहिले आहे.

दुसरी चूक आधी उरकतो. प्रकाश वाटेत असताना अवकाश प्रसरण पावत राहिले. त्यामुळे ज्या ठिकाणाहून सर्वांत जुना प्रकाश निघाला, ते ठिकाण आज आपल्यापासून सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे दूर गेले आहे. दिसणाऱ्या विश्वाचा व्यास म्हणून ९३०० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात जातो. आणि ही मर्यादा आपल्या नजरेची. पांडवलेण्यावर उभे राहून जेवढे नाशिक दिसते तेवढेच नाशिक, असे कुणी म्हणत नाही.

आता सपाटपणाकडे. अवकाश सपाट म्हणजे त्यात काढलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज बरोबर १८० अंश भरते. आम्ही शेत मोजायचो ते फलकयंत्र लावून, ३३ फुटी शंकू साखळी ओढून. जमीन सपाट धरूनच सगळा हिशेब. पृथ्वी गोल आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही, पण गावाच्या शिवारात ती गोलाई हाताला लागत नाही. गोलावर काढलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा थोडी जास्त भरते. किती जास्त? पृथ्वीवर साधारण १९७ चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. नाशिक, मुंबई, पुणे असा त्रिकोण घेतला तर क्षेत्र ८२०० चौरस किलोमीटरच्या आसपास येते आणि वाढावा येतो चाळीस-बेचाळीस विकला. आमच्याकडच्या जुन्या थिओडोलाइटचा, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचा, व्हर्नियर (बारीक मोजपट्टी) २० विकलांच्या खाली वाचताच येत नसे. म्हणजे तीन शहरे मिळून त्या पट्टीची जेमतेम दोन घरे! माझ्या नोकरीत बांध पुष्कळ सरकले, पण पृथ्वी गोल असल्यामुळे एकही नाही.

विश्वाची मोजणी याच रीतीने झाली, फक्त त्रिकोण मोठा होता. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी अवकाश पारदर्शक झाले आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सर्व दिशांनी येतो. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी तो जाहीर केला. आता तो सूक्ष्मतरंगांच्या रूपात, निरपेक्ष शून्य तापमानाच्या जेमतेम पावणेतीन केल्व्हिन वर उरला आहे. त्यात किंचित उबदार आणि किंचित थंड असे डाग आहेत. त्या काळच्या तप्त वायूत दाबाच्या लहरी किती लांब पोहोचल्या असतील, हे भौतिकशास्त्रावरून काढता येते. ती झाली आधाररेषा. तिचे अंतर माहीत, लांबी माहीत, राहिला कोन. अवकाश सपाट असेल तर डाग साधारण एक अंशाचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसायला हवा. चेंडूसारखी वक्रता असेल तर त्याहून मोठा, खोगिरासारखी असेल तर लहान. १९९८ च्या अखेरीस अंटार्क्टिकावर सोडलेल्या बूमरँग नावाच्या फुग्यावरच्या दुर्बिणीने हा कोन नीट मोजला, २००० साली निष्कर्ष आले: एक अंशाच्या आसपास. आयुष्यभर कोन वाचलेल्या माणसाला याहून देखणी मोजणी सुचणार नाही.

पुढे २००९ मध्ये गेलेल्या युरोपच्या प्लांक उपग्रहाने ती आणखी बारीक केली. आकाशगंगांच्या विखुरण्याची मोजमापे जोडून वक्रतेचा आकडा येतो ०.०००७, अधिक-उणे ०.००१९. आपल्या चौकटीत हा 'अधिक-उणे' गळाला आणि तिथेच घोटाळा झाला. शून्य, म्हणजे तंतोतंत सपाट, त्या पट्ट्यात बसते, बरोबर. पण शून्याच्या दोन्ही बाजूंचे कितीतरी आकडेही बसतात. अवकाश वक्र असेल तर एखाद्या दिवशी ते मोजून सिद्ध करता येईल. अगदी तंतोतंत सपाट आहे, हे मोजून कधीच सिद्ध होणार नाही, कारण कुठल्याही यंत्राला शेवटचे घर असतेच.

हे सांगायला प्लांकपर्यंत जायलाही नको. नाशिकरोडहून भुसावळकडच्या गाडीत बसले की चाळीसगाव लागते. तिथून जवळच पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिले, की परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वी अफाट, माणूस अगदी छोटा, म्हणून त्याला ती सपाट वाटते. 'पृथ्वी'च्या जागी 'अवकाश' घाला, आजचा प्रश्न तयार. आणि ब्रह्मांडाच्या परिघाचा परंपरेने आलेला प्रचंड आकडा देताना त्यांनी पुस्तीही जोडली आहे: ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात ग्रह इतकी योजने चालतो एवढेच आमचे म्हणणे. काय मोजले आणि काय मोजले नाही, ते एका श्लोकात वेगळे केले. माझ्या खात्यात असा शेरा लिहिणारा माणूस मला भेटला नाही.

आता तो 'म्हणून'. समजा, अवकाश अगदी सपाट निघाले. तरी ते अनंत असलेच पाहिजे असे नाही. चौकट वाचून सातवीतल्या माझ्या नातीने विचारले, "आबा, सपाट असलं की संपतच नाही का?" तेव्हा जुन्या गट नकाशाचे ट्रेसिंग काढले, त्याच्या पाठीवर तिला पेन्सिलने त्रिकोण काढायला लावला. कोनमापकाने बेरीज १८०. मग तो कागद गुंडाळून नळी केली. कोन तेच, गुंडाळल्याने कागद कुठे ताणला जात नाही की आकसत नाही. नळीवर आडवी चालणारी मुंगी वळून मूळ जागी येते. नातीने नळी उभी धरली आणि वरच्या कडेवर बोट ठेवले. "पण इथं तर संपतोय की!" मग वरची कड खालच्या कडेला जोडायला गेली आणि कागद चुरगळला. माझे एक बरे ट्रेसिंग गेले, पण प्रश्न बरोबर होता.

उत्तर तिच्या आईच्या जुन्या मोबाइलमध्ये होते. त्यातला सापाचा खेळ आठवून पाहा. साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो, वरून गेला की खालून. पडदा सपाट, क्षेत्र ठरावीक, आणि सापाला भिंत कुठेच नाही. हेच तिन्ही दिशांना केले तर सपाट, मर्यादित आणि तरीही बिनकाठाचे अवकाश मिळते. कागदाचे तसे करताना तो चुरगळतो ही आपल्या खोलीची अडचण, गणिताची नव्हे. चेंडूसारखी वक्रता घेऊन बिनकाठाचे पण मर्यादित विश्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. वक्रता एका जागेपाशी काय चालले आहे ते सांगते. सगळे मिळून कसे जोडले आहे, हा प्रश्न निराळा.

तो प्रश्नही लोकांनी आकाशाला विचारला आहे. विश्व असे गुंडाळलेले असेल आणि दिसणाऱ्या भागापेक्षा लहान असेल, तर त्या जुन्या प्रकाशाच्या नकाशात डागांची एकसारखी वर्तुळे वेगवेगळ्या दिशांना जोडीने दिसली पाहिजेत. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी बारा पंचकोनी बाजूंचे, फुटबॉलची आठवण करून देणारे विश्व सुचवले, तेव्हा बरीच चर्चा झाली. वर्तुळे शोधली, जोड्या सापडल्या नाहीत. म्हणजे गुंडाळलेले असलेच तर ते आपल्या नजरेच्या टप्प्यापेक्षा मोठे असावे. अनंत आहे असे यातून निघत नाही.

आमच्याकडे हद्द कायम करायची तर लगतधारकांना नोटीस काढावी लागते. ते आले, सह्या झाल्या, मग दगड रोवायचा. विश्वाच्या बाबतीत नोटीस कुणाला काढणार? चतुःसीमेच्या रकान्यात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण? खरे तर 'विश्वाला काठ आहे का' आणि 'विश्व अनंत आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेक शास्त्रज्ञ 'नाही' असे देतात. दुसऱ्याचे उत्तर कुणाकडे नाही. आपण पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात भरले.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष जयंत नारळीकर होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीच्या, म्हणजे आरंभ नसलेल्या विश्वाची बाजू मांडली आणि बहुतेक जग महास्फोटाकडे गेले तरी आपल्या शंका सोडल्या नाहीत. त्या वादात पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता असे मला वाटते. पण त्यांच्यामुळे आमच्या पिढीला एवढे तरी कळले, की या शास्त्रात 'शिक्कामोर्तब' हा शब्द जपून वापरावा. त्यांना अध्यक्ष करणाऱ्या शहरात येणाऱ्या पुरवणीकडून तेवढी अपेक्षा ठेवतो.

विनंती एकच. दुरुस्ती छापाल तर बालपुरवणीतच छापा, मोठ्यांच्या पानाच्या कोपऱ्यात नको. मूळ चौकट नातीने कापून विज्ञानाच्या वहीत चिकटवली आहे आणि 'म्हणून'भोवती लाल पेनाने गोल केला आहे. खाली चार बोटे जागा कोरी सोडली आहे. मजकूर तेवढ्यात बसला तर बरे होईल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
पंचवटी, नाशिक